अपग्रेडनंतर दुपारीच उतरणारी बॅटरी : मुंबईतील एका फोनचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील फोन एका पॅथॉलॉजी प्रयोगशाळेसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करणाऱ्या ताईंचा आहे. ताई डोंबिवलीला राहतात आणि त्यांचे काम दादर, परळ, लालबाग, गिरगाव या पट्ट्यात चालते. उपाशीपोटी द्यायचे नमुने सकाळीच घ्यावे लागत असल्यामुळे त्या पहाटेची लोकल पकडतात आणि नमुने प्रयोगशाळेत पोहोचवून, दुपारच्या नोंदी उरकून, संध्याकाळनंतरच घरी परततात. रुग्णाचा पत्ता, इमारतीपर्यंतचा नकाशा, रुग्णाच्या मोबाईलवर आलेल्या ओटीपीची नोंद, नळीवरच्या बारकोडचे स्कॅनिंग, यूपीआयने पैसे स्वीकारणे आणि कामावर असल्याची हजेरी ही सगळी कामे त्या एकाच फोनवर होतात. नळीवरचा बारकोड रुग्णाच्या नावाशी जोडला गेला नाही तर तो नमुना प्रयोगशाळा स्वीकारत नाही. फोन बंद पडला की ताईंची त्या फेरीची कमाई अडकते आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते.

फोन अँड्रॉइडचा आहे, बॅटरी ५००० एमएएचची आहे आणि तो २०२३ च्या सुरुवातीला विकत घेतलेला आहे. मे २०२५ मध्ये त्यावर अँड्रॉइड १४ वरून १५ वर नेणारा अपग्रेड आला आणि ताईंनी तो शनिवारी रात्री घेतला. त्याआधी रात्री अकराला चार्जरवरून काढलेला फोन पहाटे ९७-९८ टक्क्यांवर असे आणि रात्री नऊला घरी पोहोचेपर्यंत त्यात २५ ते ३० टक्के शिल्लक असत. अपग्रेडनंतर मात्र पहाटेच ८०-८५ टक्के दिसू लागले आणि दुपारी दोनपर्यंत फोन १५ टक्क्यांवर येऊ लागला. एकदा परळच्या एका जुन्या इमारतीत बारकोड स्कॅन करत असताना फोन अचानक बंद पडला, आणि त्या क्षणी पडद्यावर ९ टक्के दिसत होते. ताईंनी तक्रार सांगताना आणखी एक गोष्ट सहज सांगितली, ती सर्वांत महत्त्वाची ठरली : फोन वापरात नसताना, पर्समध्ये पडलेला असतानाही, हाताला कोमट लागत असे.

मिळालेले सल्ले

फोन माझ्याकडे तपासायला येण्यापूर्वी ताईंना भरपूर सल्ले मिळाले होते. प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनी ‘फॉरमॅट मारा’ असे सांगितले. स्टेशनजवळच्या दुकानदाराने बॅटरी बदलण्याचा सल्ला दिला. कोणी बॅटरी वाचवणारे ॲप टाकायला सांगितले, कोणी फोन शून्यावर आणून पुन्हा शंभरपर्यंत चार्ज करण्याचा उपाय सांगितला, आणि घरच्यांचे मत असे पडले की जुने फोन मोडीत निघावेत म्हणून कंपन्या मुद्दाम असे अपडेट पाठवतात.

या शेवटच्या समजुतीला आधार अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. आपल्या जुन्या आयफोनमधील थकलेल्या बॅटरीवर ताण येऊन फोन अचानक बंद पडू नये म्हणून आपण त्यांचा वेग सॉफ्टवेअरद्वारे मर्यादित करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले होते, आणि त्यानंतर कंपनीने २०१८ मध्ये बॅटरी बदलण्याचे दर कमी केले व फोनमध्ये बॅटरीची प्रकृती दाखवणारी सोय दिली. परंतु ते प्रकरण वेग कमी करण्याचे होते, बॅटरी जास्त खर्च करण्याचे नव्हते. ताईंच्या फोनमध्ये तक्रार नेमकी उलट होती : फोन गरज नसताना काम करत होता. शिवाय अपडेटच घ्यायचा नाही, हा मार्ग ज्यांचे पैशांचे व्यवहार फोनवर चालतात त्यांनी धरू नये, कारण सुरक्षेतील त्रुटी याच अपडेटमधून दुरुस्त होत असतात. अपग्रेड मागे फिरवणे तर बहुतेक फोनवर सामान्य वापरकर्त्याच्या आवाक्यातले नसते. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चढवणारा कुलूपबंद प्रोग्राम, उघडावा लागतो, सगळा डेटा पुसला जातो आणि बँकेची अनेक ॲप्स अशा फोनवर चालण्यास नकार देतात.

शून्य ते शंभरच्या उपायाबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. फोनमधील मापक बॅटरीत जाणारा आणि बॅटरीतून येणारा प्रवाह मोजून टक्केवारीचा अंदाज बांधतो. तो अंदाज चुकत असेल तर एखादी पूर्ण फेरी तो सुधारू शकते, पण त्याने बॅटरीची क्षमता तसूभरही वाढत नाही, आणि लिथियम-आयन बॅटरी वारंवार शून्यावर नेणे तिच्या आयुष्याला मारकच असते. बॅटरीच्या वापराची नोंद ठेवणारी फाइल पुसली की फोन ‘कॅलिब्रेट’ होतो, ही समजूतही एके काळी फार पसरली होती. अँड्रॉइडच्या अभियंत्या डायान हॅकबॉर्न यांनी २०१२ मध्येच ती निराधार असल्याचे सांगितले होते. ती फाइल केवळ सेटिंग्जमधील आलेखासाठी असते.

अपग्रेडनंतर फोन काय करत असतो

मोठा अपग्रेड झाल्यावर पहिले काही दिवस बॅटरी जास्त खर्च होणे स्वाभाविक आहे, आणि त्यामागचे कारण कळले तर पुष्कळ चिंता वाचते. अँड्रॉइड ५.० पासून, म्हणजे २०१४ पासून, ॲप्सचा कोड ‘आर्ट’ या यंत्रणेतून चालतो. ही यंत्रणा ॲपचा वारंवार लागणारा कोड फोनच्या प्रोसेसरला थेट समजेल अशा स्वरूपात आधीच तयार करून ठेवते. प्रणाली बदलली की ही तयारी पुष्कळ अंशी नव्याने करावी लागते, आणि तोपर्यंत तेच ॲप चालवण्यासाठी प्रोसेसरला जास्त राबावे लागते. याच काळात फोटोंची नव्याने छाननी होते, शोधासाठी सूची तयार होते आणि नव्या प्रणालीशी जुळवून घेणारे ॲप्सचे अपडेट एकापाठोपाठ उतरत राहतात.

यातील पुष्कळसे काम फोन चार्जिंगला लावलेला आणि वापरात नसलेला असेल तेव्हाच करायचे, असा अँड्रॉइडचा दंडक आहे. ताईंच्या बाबतीत नेमके हेच घडत नव्हते. रात्रभर चार्जिंगला लावला तर फोन फुटेल या भीतीने त्या संध्याकाळी व्हिडिओ बघत बघत फोन चार्ज करत आणि झोपण्यापूर्वी तो काढून ठेवत; दिवसा पॉवर बँक जोडली जाई, तीही नकाशा चालू असताना. चार्जिंग आणि विश्रांती या दोन गोष्टी एकाच वेळी त्या फोनच्या वाट्याला कधी येतच नव्हत्या. त्यामुळे इतरांकडे दोन-तीन रात्रींत उरकणारे काम त्यांच्या फोनवर अर्धवट रेंगाळत राहिले.

म्हणून पहिला उपाय सर्वांत साधा ठेवला. फोन सलग काही रात्री घरच्या वायफायवर, कंपनीच्या मूळ चार्जरला, उशीखाली न ठेवता पंख्याखाली टेबलावर उघडा ठेवायचा. आजच्या फोनमधील चार्जिंग नियंत्रक बॅटरी भरली की प्रवाह थांबवतो, त्यामुळे भीती उष्णतेची बाळगावी, चार्जिंगच्या तासांची नव्हे. याचा परिणाम दिसला : ॲप्स उघडताना जाणवणारा जडपणा गेला आणि वापरताना फोन पूर्वीइतका तापेनासा झाला. तरीही दुपारची तक्रार कायम राहिली, आणि पर्समधला कोमटपणाही.

रात्रीची मोजणी

इथे बहुतेक जण सेटिंग्जमधील एकामागून एक बटणे बंद करत सुटतात. त्यातून कधी बॅटरी सुधारतेही, पण कशामुळे सुधारली हे कळत नाही आणि कामाच्या दोन गोष्टी कायमच्या बंद पडून राहतात. मला यात रात्रीची मोजणी सर्वांत भरवशाची वाटते, कारण दिवसाचा वापर रोज बदलतो, पण झोपलेल्या माणसाचा फोन रोज सारखाच पडून असतो. रात्री अकराला फोन १०० टक्क्यांवर चार्जरवरून काढायचा, पडदा बंद करायचा आणि पहाटे चारला आकडा वहीत लिहायचा, एवढीच पद्धत ठरवली. ताईंनी हे काम फार नेटकेपणाने केले. नळ्यांवर चिठ्ठ्या लावण्याची सवय असलेल्या माणसाची वही कशी असावी, तशीच ती होती.

नेहमीच्या स्थितीत, म्हणजे सिम, वायफाय आणि सर्व ॲप्स चालू असताना, त्या पाच तासांत १७ टक्के बॅटरी उतरली. मूळ क्षमता धरली तर हे ८५० एमएएच होतात आणि सरासरी प्रवाह १७० मिलिॲम्पिअरच्या घरात जातो. बॅटरी जुनी असल्यामुळे प्रत्यक्ष आकडा याहून थोडा कमी असणार, पण पडदा बंद असलेल्या फोनला एवढ्याची गरज नसते. धड चालणारा फोन रात्री तासाला साधारण अर्धा ते एक टक्का घेतो. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० सोबत आलेली ‘डोझ’ ही सोय यासाठीच आहे : फोन हलत नाही, पडदा बंद आहे आणि चार्जर नाही, असे दिसले की ती ॲप्सचे नेटवर्क तोडते, त्यांची कामे लांबवते आणि अधूनमधून थोड्या वेळाची खिडकी उघडून सगळ्यांची कामे एकदम उरकून घेते. ताईंचा फोन या झोपेत जातच नव्हता.

दुसऱ्या मोजणीत एअरप्लेन मोड लावला. घट ८ टक्क्यांवर आली. ती निम्म्याने कमी झाली हे खरे, परंतु सिम आणि वायफाय दोन्ही बंद असताना ८ टक्के हा आकडा अजिबात निरोगी नव्हे. केवळ कमकुवत सिग्नलचा दोष असता तर तो इथे पूर्णपणे नाहीसा व्हायला हवा होता. म्हणजे नेटवर्कचा खर्च होता, पण त्याखेरीज प्रोसेसरलाही कोणीतरी जागे ठेवत होते.

तिसरी मोजणी सेफ मोडमध्ये झाली. या अवस्थेत फोन केवळ सोबत आलेल्या ॲप्सवर चालतो आणि नंतर टाकलेली सर्व ॲप्स निष्क्रिय राहतात. बहुतेक फोनवर पॉवर बटणाच्या मेनूतील ‘बंद करा’ हा पर्याय दाबून धरला की त्यात जाता येते आणि फोन पुन्हा सुरू केला की बाहेर पडता येते. होम स्क्रीनवरील विजेट त्यात निघून जाऊ शकतात, आणि बाहेरून टाकलेले गजराचे ॲप वाजत नाही, म्हणून पहाटेच्या लोकलसाठी उठणाऱ्यांनी फोनचे मूळ घड्याळच लावावे. सिम आणि वायफाय चालू असूनही या रात्री घट फक्त ३ टक्के होती.

या एका आकड्याने पुष्कळ गोष्टी मिटल्या. नवी प्रणाली तीच होती, बॅटरी तीच होती, घरातले नेटवर्कही तेच होते, आणि तरीही फोन शांत झोपला. दोष बाहेरून टाकलेल्या कोणत्या तरी ॲपमध्ये होता. बॅटरी बदलण्याचा सल्ला याच टप्प्यावर मागे पडला. नवी बॅटरी टाकली असती तर तक्रार दुपारी दोनऐवजी संध्याकाळी सुरू झाली असती, एवढेच.

हजेरीचे ॲप

सेटिंग्जमधील बॅटरी वापराच्या यादीत ॲपनिहाय दोन वेळा दिसतात, पडद्यावरचा वेळ आणि पार्श्वभूमीतला वेळ. लोक टक्केवारी बघतात, पण अशा तक्रारीत पार्श्वभूमीतला वेळ बघावा. व्हॉट्सॲप आणि नकाशा यांचे आकडे त्यांच्या वापराला साजेसे होते. प्रयोगशाळेने दिलेल्या हजेरीच्या ॲपचा पडद्यावरचा वेळ काही मिनिटांचा होता, आणि पार्श्वभूमीतला वेळ चोवीस तासांतील १९ तासांचा.

या ॲपला दोन परवानग्या होत्या : लोकेशन कायम वापरण्याची, आणि बॅटरीच्या बाबतीत कोणतेही बंधन न पाळण्याची. दुसरी परवानगी नोकरीवर रुजू होताना सूचनापत्रकाप्रमाणे प्रत्येकाकडून चालू करून घेतली जाते, म्हणजे डोझच्या नियमांतून ते ॲप जवळजवळ सुटते. अशा ॲपने फोनला जागे ठेवण्याची विनंती केली, जिला अँड्रॉइडच्या भाषेत वेकलॉक म्हणतात, आणि ती परत घेतली नाही, तर पडदा बंद असूनही प्रोसेसर झोपत नाही. पर्समधील कोमट फोनचे स्पष्टीकरण इथे मिळाले.

आता ॲपला आवर घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हते. बॅटरीचे बंधन लावले, आणि रात्रीची घट लगेच ४ टक्क्यांवर आली. परंतु दुसऱ्या दिवशी गिरगावातील दोन भेटींची हजेरी वेळेवर नोंदली गेली नाही आणि सुपरवायझरचा फोन आला. तांत्रिक सल्ला देणाऱ्यांनी इथे थांबून विचार केला पाहिजे. ज्या ॲपवर माणसाचा पगार ठरतो ते ‘बंद करून टाका’ असे सांगणे म्हणजे आपला प्रश्न सोडवून त्यांचा प्रश्न वाढवणे होय. बंधन काढून परवानगी पूर्ववत केली आणि ॲप असे का वागते हे प्रयोगशाळेलाच विचारायचे ठरले.

उत्तर अनपेक्षितपणे साधे निघाले. ‘मॅडम, नवीन लिंक ग्रुपवर टाकली होती, तुम्ही इन्स्टॉलच केली नाही,’ असे सुपरवायझरने सांगितले. हे ॲप प्ले स्टोअरवर नव्हते. ते व्हॉट्सॲप ग्रुपवरील लिंकमधून उतरवून टाकायचे होते. त्यामुळे स्टोअरमधील ॲप्स जशी आपोआप अद्ययावत होतात तसे ते होत नव्हते. ताईंनी लिंक उघडली होती, पण जागा अपुरी असल्याचा संदेश येऊन काम तिथेच अडकले होते, आणि रुग्णाच्या दारात उभे राहून असे संदेश कोणी वाचत बसत नाही. ॲप तयार करणाऱ्यांकडून सुपरवायझरमार्फत जो खुलासा आला तो आकड्यांशी जुळणारा होता : जुन्या आवृत्तीत लोकेशन पाठवण्याचा प्रयत्न नव्या प्रणालीवर अपयशी ठरत असे आणि ॲप क्षणाचीही उसंत न घेता तोच प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राही. नव्या आवृत्तीत अपयशानंतरची विश्रांती दर वेळी वाढवत नेली आहे आणि नेटवर्क नसेल तर नोंद फोनमध्येच साठवली जाते. एअरप्लेन मोडमध्येही घट पूर्ण का थांबली नव्हती, हेही यातून उलगडले. नेटवर्क नसले तरी प्रयत्न चालूच होते.

१२८ जीबीच्या साठ्यात जेमतेम काहीशे एमबी उरले होते. त्यातील मोठा वाटा व्हॉट्सॲपवर आपोआप उतरलेल्या व्हिडिओंचा आणि सुप्रभातच्या चित्रांचा होता. घरच्या समारंभांचे फोटो आधी संगणकावर उतरवून घेतले, मग सफाई केली आणि आपोआप डाउनलोड होण्याची सोय बंद केली. साठा भरलेला असल्यामुळे प्ले स्टोअरवरील काही ॲप्सचे अपडेटही अडकले होते, तेही याच वेळी उतरले. नवे हजेरीचे ॲप टाकण्यापूर्वी ताईंनी सुपरवायझरला फोन करून लिंक त्यांचीच असल्याची खात्री करून घेतली. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची पावती म्हणून एपीके फाइल, म्हणजे स्टोअरबाहेरून ॲप बसवणारी फाइल, पाठवून बँक खाते रिकामे करणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट झालेला असताना, हा एक फोन टाळू नये. कामाच्या ठिकाणी अशा लिंका देण्याची पद्धतच मला धोक्याची वाटते, कारण तीमुळे कर्मचाऱ्यांना अनोळखी फाइल टाकण्याची सवय लागते.

नवी आवृत्ती टाकल्यावर, सर्व परवानग्या पूर्वीप्रमाणे असताना, रात्रीची घट ४ टक्के आली आणि त्यानंतरच्या रात्रींतही ती तेवढीच राहिली. हजेरी चुकली नाही. निदानाला आणखी एक दुजोरा प्रयोगशाळेतूनच मिळाला. ताईंच्या ज्या सहकाऱ्यांनी, वेगळ्या कंपन्यांच्या फोनवर, याच त्रासासाठी फॉरमॅट मारला होता, त्यांनी नंतर ग्रुपमधील जुन्या लिंकवरूनच ॲप पुन्हा टाकले होते आणि त्यांची तक्रार लगेच परत आली होती. त्यांचे फोटो आणि चॅट गेले ते गेलेच.

सिग्नल, पडदा आणि उन्हाळा

रात्रीचा प्रश्न सुटला तरी दिवसाचा खर्च अजून अपग्रेडपूर्वीच्या पातळीवर आला नव्हता. सेटिंग्ज न्याहाळताना दोन गोष्टी बदललेल्या आढळल्या. पडद्याचा रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला जितक्या वेळा नव्याने रेखाटले जाते तो आकडा, जो ताईंच्या आठवणीप्रमाणे पूर्वी कमी होता, तो १२० हर्ट्झवर गेला होता. पत्ते वाचण्यासाठी आणि बारकोड टिपण्यासाठी त्याचा काही उपयोग नसल्यामुळे तो ६० वर आणला. डार्क मोडबद्दल मात्र फार आशा धरू नये. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या २०२१ मधील अभ्यासात ओएलईडी पडद्यावर, ज्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, पूर्ण तेजस्वितेला डार्क मोडने ३९ ते ४७ टक्के वीज वाचल्याचे दिसले होते, पण घरात आपण ठेवतो त्या ३० ते ५० टक्के तेजस्वितेला बचत केवळ ३ ते ९ टक्के होती. ताई भर उन्हात रस्त्यावर पडदा पूर्ण तेजावर ठेवून पत्ता शोधतात, म्हणून त्यांच्यासाठी तो चालू ठेवणे योग्य होते.

दुसरी गोष्ट नेटवर्कची होती. अपग्रेडनंतर पसंतीचे नेटवर्क ५जी झाले होते. मुंबईत या बाबतीत सरसकट नियम सांगता येत नाही. उघड्या जागेत, जिथे ५जीचा सिग्नल भक्कम आहे, तिथे फाइल पटकन उतरते आणि रेडिओ लवकर विश्रांती घेतो. पण ताईंचा दिवस जातो तो लोकलच्या डब्यात, लिफ्टमध्ये, लालबाग-गिरगावातील जाड भिंतींच्या चाळींच्या आतल्या खोल्यांत आणि इमारतींच्या तळघरातील संकलन केंद्रांत. ‘फोनबद्दल’ या विभागातील सिमच्या माहितीत सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते; उणे आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल भक्कम. उणे ८५ चांगली, तर उणे ११५ च्या पलीकडे फोनची ओढाताण सुरू होते. गिरगावातील एका चाळीच्या आतल्या खोलीत ५जीवर तो आकडा उणे ११८ होता. सिग्नल कमकुवत झाला की फोन स्वतःची प्रक्षेपणशक्ती वाढवतो, जी ४जी फोनमध्ये सर्वसाधारणपणे २३ डीबीएम, म्हणजे सुमारे २०० मिलिवॅटपर्यंत जाते, आणि ती निर्माण करण्यासाठी बॅटरीतून त्याच्या कितीतरी पट वीज खेचली जाते. धावत्या लोकलमध्ये एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे जाण्याची धावपळ वेगळीच. ५जी ज्या पद्धतीत ४जीच्या आधाराने चालते, तिथे फोनला दोन्ही जोडण्या सांभाळाव्या लागतात. ताईंचे काम चार ओळींच्या पत्त्याचे आणि छोट्या नोंदींचे असल्यामुळे कामाच्या वेळेत ४जी पुरेसे होते, आणि तेच ठेवले.

मे महिन्यातील मुंबईची दमट उष्णता हा घटकही दुर्लक्षून चालत नाही. उष्णता लिथियम-आयन बॅटरीचे आयुष्य कायमचे घटवते. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअसचा परिसर योग्य मानते, आणि बंद पर्समध्ये पॉवर बँक जोडून नकाशा चालू ठेवला तर फोन ती मर्यादा सहज ओलांडतो. ताईंना पॉवर बँक लोकलमध्ये, पडदा बंद ठेवून, पर्सबाहेर वापरण्यास सांगितले. तापलेला फोन थंड करण्यासाठी नमुन्यांच्या पेटीतील आइसपॅकवर ठेवण्याची त्यांच्या सहकाऱ्यांची रीत मात्र कळकळीने थांबवायला सांगावी लागली. थंड फोन बाहेरच्या दमट हवेत आला की त्याच्या आत-बाहेर पाणी धरते, आणि रक्ताच्या नमुन्यांजवळ फोन ठेवणे स्वच्छतेच्या दृष्टीनेही सर्वथा अयोग्य आहे.

या बदलांनंतर फोन रात्री नऊला पुन्हा ३० टक्क्यांच्या आसपास राहू लागला.

बॅटरीचा वेगळा प्रश्न

९ टक्क्यांवर फोन अचानक बंद पडण्याचा प्रसंग अपग्रेडच्या खात्यावर टाकणे बरोबर नव्हते. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो, आणि कॅमेरा, फ्लॅश व नेटवर्क यांनी एकदम वीज मागितली की तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) झटकन खाली येतो. टक्केवारी शिल्लक दिसत असतानाही फोन बंद होतो. अधिकृत सेवा केंद्रातील चाचणीत बॅटरीची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्के निघाली, म्हणजे ५००० एमएएचऐवजी साधारण ४०००. दोन वर्षांहून अधिक काळ रोज वापरलेल्या बॅटरीसाठी हे अपेक्षितच आहे. अपग्रेडच्या आधीही ती इतकीच थकलेली होती. फक्त दिवस कसाबसा निभावत होता, आणि हजेरीच्या ॲपने ती उरलीसुरली शिल्लक खाल्ली तेव्हा ते उघड झाले. मागचे झाकण उचललेले नव्हते, बॅटरी फुगल्याचे कोणतेही चिन्ह नव्हते, म्हणून घाई नव्हती. फुगली असती तर त्याच दिवशी फोन वापरणे थांबवायला सांगितले असते.

बॅटरी पावसाळ्यापूर्वी बदलायची, असे ताईंनी ठरवले, कारण भर पावसात पॉवर बँकेची वायर लोंबकळत ठेवून काम करणे त्यांना शक्य नसते. लॅमिंग्टन रोडवर बॅटरी तासाभरात बदलून मिळते आणि तिथे जाणकार कारागीरही आहेत, पण बॅटरी कोठली आहे हे ग्राहकाने स्वतः बघावे : भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि तो क्रमांक बॅटरीवर छापलेला असतो. ताईंनी अधिकृत केंद्रच निवडले. नवी बॅटरी बसवल्यावर रात्री नऊला फोन ४० टक्क्यांच्या वर राहू लागला, रात्रीची घट ३ टक्के नोंदली गेली, आणि जूनमधील सुरक्षा अपडेटनंतर पुन्हा घेतलेल्या मोजणीतही तोच आकडा वहीत आहे.